उंबरगाव कुठं गेलं? 'माझी मैना' आणि तिची कव्हर

इअरफोन लावले असतील तर आवाज थोडा कमी ठेवा, सुरुवातीलाच आमचा कोंबडा ओरडलाय. तीन वेळा रेकॉर्ड केलं, तिन्ही वेळा ओरडला. चौथ्यांदा मी हात टेकले. हा भाग पोशेऱ्यातून आहे, घराच्या पडवीतून, आणि पडवी काही माझ्या एकट्याची नाही.

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहिलेला मजकूर. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी एकाने विचारलं होतं, 'दादा, ब्लूज म्हणजे काय? आपल्याकडे तसं काही आहे का?' मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण 'आपल्याकडे पण आहे' असं म्हणायची घाई आपल्याला फार असते. जगात काहीही निघालं की आपल्या आजीला ते आधीच माहीत होतं! पण या प्रश्नाचं उत्तर खरंच आहे, आणि ते एका गाण्यात आहे. ते गाणं मी आश्रमशाळेत असताना नाचलोय. तेव्हा मला त्याचा अर्धाच भाग माहीत होता, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

गाणं म्हणजे अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना'.

आधीच सांगतो, या भागात मी गाणं वाजवणार नाही आणि शब्दही वाचून दाखवणार नाही. अण्णा भाऊ १९६९ मध्ये गेले. आपल्या देशात लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात, तोवर हक्क वारसांकडे असतो. म्हणजे २०२९ चं वर्ष संपेपर्यंत. तुम्ही ते शोधून ऐकाच, पण हा मजकूर वाचून झाल्यावर. आधी ऐकलंत तर मी ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप करतोय, ती तुमच्या हातून निसटेल. का ते पुढे कळेल.

तर शाळेतला किस्सा. १ ऑगस्ट, अण्णा भाऊंची जयंती. पालघर जिल्हासुद्धा १ ऑगस्टलाच झाला, २०१४ साली, त्यामुळे आमच्याकडे त्या दिवशी दुहेरी कार्यक्रम असायचा. सरांनी आम्हाला 'माझी मैना' बसवून दिलं. मी गावाकडून मुंबईला निघालेला गडी, हातात पिशवी. एक मुलगी मैना. ढोलकी वाजली, टाळ्या पडल्या, कार्यक्रम संपला. खाली उतरलो तर गावातले एक आजोबा थांबले होते. तरुणपणी ते मोर्च्यांना जायचे, लाल झेंडा घेऊन तलासरीपर्यंत चालत गेलेले. मला वाटलं शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, "आन् उंबरगाव कठं गेला?"

मला काहीच कळलं नाही. गाण्यात उंबरगाव कुठून येणार? मी मान हलवली आणि चिवड्याच्या पाकिटाकडे पळालो.

आता ब्लूजकडे जाऊ, उंबरगावला परत येऊ.

ब्लूज ही अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या काळ्या लोकांची गाणी. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण शेत मालकाचं, बियाणं मालकाचं, हिशोबाची वही मालकाची. वर्षअखेरीला हिशोब झाला की मजुराच्या नावावर कर्जच निघायचं. (वीटभट्टीवर जाऊन आलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.) डब्ल्यू. सी. हँडी नावाच्या बँडवाल्याने लिहून ठेवलंय की १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर नावाच्या छोट्या स्टेशनवर तो गाडीची वाट बघत पेंगत होता. शेजारी एक फाटक्या कपड्यांतला माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवत होता आणि दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या ठिकाणाचं नाव घेऊन एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होता. हँडीला ते संगीत विचित्र वाटलं, पण तो ते विसरला नाही. पुढे त्याने अशी गाणी कागदावर उतरवली, छापली, आणि लोक त्याला ब्लूजचा बाप म्हणू लागले. स्टेशनवरच्या माणसाचं नाव मात्र कुणाला माहीत नाही.

ब्लूजची साधारण घडण अशी असते: एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. साथीला बारा मात्रांचं नव्हे, बारा मापांचं एक चक्र, ते फिरत राहतं. शाहिरीत मुख्य गाणारा ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती उचलून धरतात, तसं ब्लूजमध्ये झीलकऱ्याचं काम बहुतेक वेळा गिटारच करते. माणूस एकटा असतो ना. मागे उभं राहायला माणसं नाहीत, म्हणून वाद्यालाच उत्तर द्यायला लावतो. (इथे ऑडिओत मी डफावर थोडं वाजवून दाखवलंय. डफ उसना आहे, हात माझे आहेत, त्यामुळे अपेक्षा ठेवू नका.)

आता एकच ब्लूज गाणं घेऊ, कारण त्याच्या कव्हरची गोष्ट आपल्या मैनेसारखी आहे. 'स्वीट होम शिकागो'. गुगल केलंत तर रॉबर्ट जॉन्सन हे नाव येईल. २३ नोव्हेंबर १९३६ रोजी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात एका हॉटेलच्या खोलीत त्याने ते रेकॉर्ड केलं. पण गाणं त्याने हवेतून काढलं नव्हतं. १९२८ मध्ये स्क्रॅपर ब्लॅकवेल नावाच्या गिटारवाल्याचं 'कोकोमो ब्लूज' आलं होतं. कोकोमो हे इंडियाना राज्यातलं एक गाव. १९३४ मध्ये जेम्स अर्नोल्ड नावाच्या माणसाने तेच गाणं आपल्या पद्धतीने म्हटलं, आणि ते इतकं गाजलं की लोक त्याला कोकोमो अर्नोल्ड म्हणू लागले. गाण्याने माणसाचं नाव बदललं! जॉन्सनने चाल घेतली, ढाचा घेतला आणि कोकोमोच्या जागी शिकागो घातलं.

का, हे समजायला फार डोकं लागत नाही. १९१० ते १९७० या काळात दक्षिणेतले सुमारे साठ लाख काळे लोक घरदार सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. मिसिसिपीतल्या माणसासाठी रेल्वेचा शेवट म्हणजे शिकागो. कोकोमोला कोण चाललंय? सगळे शिकागोलाच चालले होते. गाणं ज्यांच्यासाठी म्हणायचं, त्यांची गाडी जिथे जाते तिथलं नाव त्यात पाहिजे.

पण जॉन्सनने एक गंमत केली आहे. त्याच्या गाण्यात शिकागोबरोबर कॅलिफोर्नियाही येतं, आणि अशा रीतीने येतं की शिकागो कॅलिफोर्नियात आहे असंच वाटावं. नकाशा उघडून बघा, दोन्हींमध्ये अडीच हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे. यावर अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. कुणी म्हणतं त्याला भूगोल येत नव्हता, कुणी म्हणतं त्याने मुद्दाम थट्टा केली. मला विचाराल तर, जो माणूस अजून गेलेलाच नाही त्याच्यासाठी लांबची सगळी चांगली ठिकाणं एकाच दिशेला असतात. आमच्या आजीसाठी भिवंडी, वसई, दादर सगळं 'खाली' आहे. घाट उतरला की खाली. तिला भूगोल शिकवायला गेलो तर मीच वेडा ठरेन.

पुढच्या गायकांना मात्र ही अडचण वाटली. १९५८ मध्ये ज्युनियर पार्करने हे गाणं रेकॉर्ड केलं तेव्हा कॅलिफोर्निया गायब झालं. आज जगभर जे 'स्वीट होम शिकागो' वाजतं ते बहुतेक त्याच साच्यातलं. १९६७ मध्ये मॅजिक सॅमने म्हटलं, १९८० मध्ये 'द ब्लूज ब्रदर्स' सिनेमात आलं, आणि २१ फेब्रुवारी २०१२ ला व्हाइट हाउसमधल्या कार्यक्रमात ओबामांनी त्यातला तुकडा म्हटला. आता ते शिकागो शहराचं अभिमानगीत आहे. पळून जाऊ पाहणाऱ्या माणसाचं गाणं पोहोचलेल्यांचं गाणं झालं.

जॉन्सनने यातलं काही पाहिलं नाही. १६ ऑगस्ट १९३८ ला तो गेला, वय सत्तावीस, रेकॉर्ड केलेली गाणी एकोणतीस. पुढे त्या गाण्यांवर पैसा आला तेव्हा तो कुणाचा यावर कोर्टकचेरी झाली, आणि १९९८ मध्ये मिसिसिपीच्या एका कोर्टाने क्लॉड जॉन्सन हा त्याचा मुलगा आणि वारस असल्याचं मान्य केलं. क्लॉड तोवर खडी वाहणारा ट्रक चालवत होता. हा तपशील मी दोनदा वाचला. आपल्या रस्त्यावर रोज धूळ उडवत जातात ना डंपर, तसाच.

बरं. आता आपली मैना.

अण्णा भाऊंचं खरं नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, वाळवा तालुका, आताचा सांगली जिल्हा. मांग समाजातलं घर. शाळेत गेले ते दीड दिवस. १९३१-३२ च्या सुमारास सगळं कुटुंब मुंबईला निघालं, आणि चालत निघालं. वाटेत मिळेल ते काम करत, पोट भरत, पुढे सरकत. वाटेगाव ते मुंबई. मॅपवर टाकून बघा, मॅप तुम्हाला गाडीची वेळ दाखवेल. चालायचं बटण दाबा. मुंबईत हमाली, फेरीवाल्याचं काम, गिरणीतलं काम, सगळं केलं. अक्षरओळख तिथेच, दुकानाच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत वाचत झाली. कामगार चळवळीत आले, कम्युनिस्ट पक्षात आले, आणि १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर 'लाल बावटा कलापथक' उभं केलं. (आजोबांचा झेंडा आणि या पथकाचा झेंडा एकच. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर वारली लोक वेठबिगारीविरुद्ध उठले, तो लढा आणि हे कलापथक एकाच काळातली, एकाच पक्षातली.)

अमर शेखांबद्दल एक मिनिट. मूळचे बार्शीचे, मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर होते, गिरणीतही होते. आवाज असा की माईक नसला तरी चालायचं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना लाखांनी माणसं जमायची आणि पुढाऱ्यांच्या भाषणांआधी शाहीर मैदान तापवायचे. 'माझी मैना' लिहिली अण्णा भाऊंनी आणि ती घरोघरी पोचवली अमर शेखांच्या आवाजाने. त्यामुळे अनेकांना ते गाणं अमर शेखांचंच वाटतं. गंमत बघा, की दुःख म्हणा: अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले आणि अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला अपघातात. सहा आठवड्यांचं अंतर.

गाण्याचा प्रकार छक्कड. छक्कड म्हणजे तमाशातली लावणीच्या घरातली रचना, सवाल-जवाब करत पळणारी, हलक्याफुलक्या चालीची, बहुतेक शृंगाराची. अण्णा भाऊंनी तमाशाचा ढाचा घेतला आणि आत दुसरं सामान भरलं. तमाशाची सुरुवात गणपतीच्या गणाने होते. त्यांनी तिथे मातृभूमीला आणि हुतात्म्यांना मुजरा घातला. गवळण काढूनच टाकली. तेव्हाच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली होती, तिचा फटका या कार्यक्रमांनाही बसला, आणि 'लोकनाट्य' हे नाव रुळलं. शहराच्या बाबतीतही तसंच. पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या थाटामाटाची लावणी लिहिली होती. अण्णा भाऊंनी 'मुंबईची लावणी' लिहिली ती त्याच शहराची दुसरी बाजू दाखवणारी: एकीकडे मलबार हिल, दुसरीकडे चाळी. म्हणजे कोकोमोचं शिकागो करण्याचा उद्योग आपल्याकडेही जोरात होता. जुना साचा, नवा पत्ता.

'माझी मैना'ची गोष्ट माझ्या शब्दांत सांगतो. गडी मुंबईत आहे, त्याची मैना गावाला. आधी तो तिच्या रूपाचं वर्णन करतो, लावणीत करतात तसं, नखशिखान्त. मग निघण्याची वेळ येते. घरात दारिद्र्य, म्हणून निघायचं. ती समजूत घालून घेत नाही, तर हा तिला दागिन्यांची आश्वासनं देतो: साज, नथ, तोडे, एकामागून एक. खिशात तिकिटाचे पैसे आहेत की नाहीत ठाऊक नाही, तोंडात सगळी सराफी पेढी. मग मुंबई. तिथे बेकारांची गर्दी, आणि हा त्या गर्दीत आणखी एक. दागिन्यांचं काय झालं ते तुम्ही ओळखलंच.

आमच्या शाळेतल्या कार्यक्रमात गाणं इथेच संपलं होतं.

पण गाणं इथे संपत नाही. इथून ते वळतं. तो म्हणतो, माझी आणि मैनेची जशी ताटातूट झाली, तशीच या महाराष्ट्राची झाली आहे. मग नावं येतात. बेळगाव. कारवार. डांग. उंबरगाव.

ही नावं १९५० च्या दशकात नुसती नावं नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. बेळगाव, कारवार, निपाणी म्हैसूर राज्यात गेली, आणि मराठी-गुजराती मुलूख मिळून द्विभाषिक मुंबई राज्य झालं. लोक रस्त्यावर होते, गोळीबारात १०६ माणसं गेली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा डांग आणि उंबरगाव गुजरातकडे गेले. उंबरगाव तोवर आपल्या ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. त्याचा जो भाग इकडे राहिला त्याचाच तलासरी तालुका झाला. वारल्यांच्या उठावाची पहिली मोठी सभा मे १९४५ मध्ये झरी गावात झाली, ते झरीही तेव्हा उंबरगाव तालुक्यातच होतं. मोखाड्याहून तुम्ही वर डांगकडे बघा किंवा पश्चिमेला उंबरगावकडे, दोन्हीकडे आपलीच बोली, आपलाच तारपा, आपलीच सोयरीक. माझ्या एका आत्याचं सासर पलीकडे आहे. तिच्या रेशनकार्डावर गुजराती, चुलीवर तीच नागलीची भाकर.

आता कळलं ना आजोबा काय विचारत होते? अख्ख्या महाराष्ट्रभर गाजलेल्या गाण्यात आपल्या बाजूची दोन नावं होती, आणि आपल्याच गावातल्या पोरांनी ती कापून नाच केला होता. सरांना दोष देत नाही. कार्यक्रमात चार मिनिटं मिळाली होती, आणि दुसऱ्या भागावर नाचायचं कसं हा प्रश्नच आहे.

त्यानंतर मी फोनवर या गाण्याच्या सापडतील तितक्या आवृत्त्या ऐकल्या. जिथे रेंज येते त्या टेकडीवर बसून, डाउनलोड करून. पहिली तऱ्हा मैदानी: डफ, तुणतुणं, मागे झीलकरी, आवाज फोडून म्हणणारा शाहीर. यात बहुतेक वेळा वळण शाबूत असतं. दुसरी तऱ्हा रंगमंचाची: ढोलकी, घुंगरू, आणि समोर नटलेली मैना नाचते. आता विचार करा, गाण्याचा सगळा जीव मैना इथे नाही यात आहे, आणि स्टेजवर मैना समोर उभी! दिसायला छान, पण गाण्याच्या बुडाखालची फळीच काढली. तिसरी तऱ्हा मिरवणुकीची: बँजो, ढोल, बेस इतका की छातीत धडधडतं. शब्दांना तिथे काम नसतं. मला ही आवडते, खोटं कशाला बोलू. मी त्यावर नाचलोय आणि पुन्हा नाचेन. चौथी तऱ्हा रीलची, तीस सेकंद. तीस सेकंदांत माणूस मैनेच्या रूपापर्यंतच पोचतो, मुंबईसुद्धा येत नाही.

नावसुद्धा एक राहिलेलं नाही. कुठे मैना 'गावावर' राहिलेली आहे, कुठे 'गावाकडं'. कानाने ऐकून तोंडाने पुढे जाणाऱ्या गाण्याचं असंच होतं, त्यात चूक शोधू नये. पण एका व्हिडिओखाली गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' असं लिहिलेलं पाहिलं तेव्हा डोकं फिरलं. पारंपरिक! ज्या माणसाने वाटेगावाहून चालत येऊन, गिरणीत राबून, पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या, ज्याच्या 'फकिरा'ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, ज्याच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले आणि तरी ज्याचे शेवटचे दिवस हलाखीत गेले, त्याच्या गाण्याखाली 'पारंपरिक'. टटवायलरच्या स्टेशनवरचा माणूस निदान खरंच कुणाला माहीत नव्हता. इथे नाव माहीत असून पुसलं जातंय. पारंपरिक लिहिलं की कुणाला विचारावं लागत नाही, कुणाला द्यावं लागत नाही, एवढाच त्याचा फायदा.

आता तुम्ही म्हणाल, मग जॉन्सनने कोकोमोचं शिकागो केलं ते चालतं, पार्करने कॅलिफोर्निया काढलं तेही चालतं, आणि आमच्या सरांनी उंबरगाव काढलं की तू एपिसोड करतोस? बरोबर आहे. मी यावर बराच विचार केला, शेतात, बसमध्ये, सगळीकडे. माझं मत असं झालंय की बदलणं आणि गाळणं यात फरक आहे. जॉन्सनने जुनं नाव काढलं तेव्हा स्वतःच्या माणसांचं नाव आत घातलं. पार्करने काढलं ते गोंधळ मिटवायला, गाणं शिकागोचं होतं ते शिकागोचंच राहिलं. 'माझी मैना'तलं वळण काढलं की उरते एक गोड लावणी, आणि गोड लावण्या मराठीत शेकड्यांनी आहेत. बाईच्या रूपावर सुरू होऊन नकाशावर संपणारं गाणं मला दुसरं माहीत नाही.

नवीन काही आत घालायचं असेल तर घाला. किंबहुना घालावंच लागेल, कारण आमच्याकडची गोष्ट मूळ गाण्यापेक्षा वेगळी आहे. अण्णा भाऊंचा गडी एकटा मुंबईला गेला आणि मैना मागे राहिली. मोखाड्यात, जव्हारात तसं होत नाही. दिवाळी झाली, भात-नागली घरात आली की वीटभट्टीवाल्याचा ट्रक येतो आणि नवरा-बायको जोडीने चढतात. एकट्याला भट्टीवर काम नसतं. माती तुडवायला एक, विटा थापायला एक, हिशोब जोडीचा. उचल आधीच घेतलेली असते, पावसाळ्यात खाऊन संपलेली. पोरं बरोबर, कोंबड्याही बरोबर. आमची मैना गावावर राहत नाही, ती भट्टीवर चिखलात असते. गावावर राहते ती आजी. पडवीत बसून होळीची वाट बघते, कारण होळीला माणसं परत येतातच, भट्टीवाल्याने अडवलं तरी येतात. मी स्वतः चौथीपर्यंत चार महिने भट्टीवर आणि बाकी शाळेत असा वाढलो. एका हंगामाचा हिशोब तर असा झाला की सहा महिने राबून आमच्याकडेच बाकी निघाली. वही त्याची, पेन त्याचं. मी पाढे म्हणू शकत होतो, पण वही बघायला कुणी दिली नाही.

म्हणून ब्लूजवाल्या मालकाच्या वहीची गोष्ट वाचली तेव्हा मला अमेरिका फार लांब वाटली नाही.

तर मागच्या शिमग्याला मी फोन घेऊन आजोबांकडे गेलो. म्हटलं, उंबरगाव सापडलं, पण आता तुम्ही पूर्ण म्हणून दाखवा. आधी नाही म्हणाले, दात नाहीत म्हणाले. मग चहा झाला. मग सुरू झाले. आवाज कापत होता, चाल मधेच सरकत होती, रूपाच्या वर्णनाचा अर्धा भाग त्यांनी हसत गाळला, 'ते तुला यूट्यूबवर मिळंल' म्हणत. पण वळण आलं तसे ताठ बसले. चारही नावं घेतली. उंबरगाव म्हणताना हात पश्चिमेला केला, जसं काही समोरच्या डोंगरापलीकडे कुणी उभं आहे. शेवटाकडे एका ठिकाणी अडले, दोनदा मागे जाऊन पुन्हा आले, तिथेच अडले. आजी आतून ओरडली, 'आता बस करा, खोकला लागंल.' तेही रेकॉर्डिंगमध्ये आहे.

फाइल सहा मिनिटं बेचाळीस सेकंदांची आहे. वारसांची परवानगी मिळाली तर लवकर ऐकवीन, नाही तर १ जानेवारी २०३० ला पहिल्या मिनिटाला टाकीन. तोवर ती माझ्या फोनमध्ये आहे आणि एक कॉपी मेमरी कार्डावर, कारण हा फोन दोनदा नदीत पडलाय. फाइलला नाव दिलंय 'उंबरगाव'. गीतकाराच्या जागी अण्णा भाऊ साठे लिहिलंय. गायकाच्या जागी काय लिहू असं आजोबांना विचारलं, तर म्हणाले, झीलकरी लिही.